पदविन्यासाचा तक्ता : लिहिलेली जागा आणि न लिहिलेले पाऊल

१

नृत्य लिहिता येते काय, हा प्रश्न नवा नव्हे. फ्रान्समध्ये फ्येये ह्याने १७०० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नर्तकाच्या मार्गाची रेषा कागदावर आखून तिच्या अनुरोधाने पावलांच्या खुणा मांडल्या. रूडॉल्फ लाबान ह्याने १९२८ साली जी लेखनपद्धती पुढे आणली, तिच्यात मध्यरेषेच्या डावीकडे शरीराची डावी बाजू व उजवीकडे उजवी बाजू येते आणि लेखन खालून वर वाचावयाचे असते. दोन्ही पद्धतींचा मुख्य हेतू नृत्य जतन करण्याचा, म्हणजे एकाने केलेले दुसऱ्यापर्यंत निर्दोष पोचविण्याचा होता. विसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र नृत्यलेखनाचा एक असा प्रकार जन्मास आला की, ज्याचा हेतू जतनाचा नसून खेळाचा आहे. आणि म्हणूनच कदाचित त्याकडे अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. हा प्रकार म्हणजे डान्स पॅडवरील खेळांसाठी रचलेला पावलांचा तक्ता होय.

जपानमधील कोनामी ह्या कंपनीने १९९८ साली ‘डान्स डान्स रेव्होल्यूशन’ हा खेळ आणला. खेळाडू ज्या फळीवर उभा राहतो, तिच्यावर पुढे, मागे, डावीकडे व उजवीकडे अशी चार घरे असतात. समोरच्या पडद्यावर बाण खालून वर सरकत येतात. बाण वरच्या ठरावीक आकृतीशी एकरूप होईल त्याच क्षणी त्या त्या घरावर पाऊल पडले पाहिजे. एका गाण्यासाठी कोणते बाण कोणत्या क्षणी यावयाचे, ह्याची जी पूर्वनियोजित मांडणी, तो त्या गाण्याचा तक्ता. पुढल्याच वर्षी, १९९९ मध्ये, कोरियातील अँडामिरो कंपनीने ‘पंप इट अप’ हा खेळ काढला. त्यात चार कोपऱ्यांची चार व मधले एक अशी पाच घरे आहेत. २००१ साली ‘स्टेपमॅनिया’ ही संगणकावरील मुक्त प्रणाली उपलब्ध झाली आणि कोणालाही कोणत्याही गाण्यावर स्वतःचा तक्ता रचणे शक्य झाले. येथपासून तक्ता ही कारखान्यातून येणारी वस्तू न राहता रचना झाली. एकाच गाण्यावर दहा जणांनी दहा तक्ते रचावेत, त्यांतील एक खेळताना आनंद व्हावा आणि दुसरा खेळताना कंटाळा यावा, असे घडू लागले. जेथे असा भेद अनुभवास येतो, तेथे त्याची कारणे शोधणे हे समीक्षेचे कामच होय.

आजवर ह्या भेदाची मोजदाद प्रामुख्याने दोन मापांनी झालेली आहे. पहिले माप काठिण्याचे. मूळ खेळात काठिण्य लहानशा अंकश्रेणीने दाखविले जाई. २००८ सालच्या आवृत्तीपासून ती श्रेणी १ ते २० अशी करण्यात आली. दुसरे माप ध्वनीशी इमान राखण्याचे : गाण्यात जेवढे आघात ऐकू येतात, तेवढ्यांना बाण मिळाले की नाही, हे पाहावयाचे. दोन्ही मापे उपयुक्त आहेत. परंतु तक्त्याचे सौंदर्य ती दोन्ही सांगत नाहीत. काठिण्य हा खेळाडूच्या शक्तीचा हिशेब आहे, आणि ध्वनीशी इमान हा नकलेचा गुण आहे. तक्त्याची कला ह्या दोहोंच्या पलीकडे, तक्त्यात मुळी लिहिलीच नसलेल्या एका गोष्टीत आहे.

२

ही गोष्ट कोणती, हे समजण्यास सोलापूरच्या वाचकाला दूर जाण्याचे कारण नाही. सोलापुरी चादरीवरील नक्षी ज्या जॅकार्ड यंत्राने उठते, त्याची मूळ कल्पना १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये सिद्ध झाली. नक्षीकार प्रथम चौकटीच्या कागदावर नक्षी भरतो. कागदावरील प्रत्येक आडवी ओळ म्हणजे बाण्याचा एक धागा, आणि प्रत्येक उभा रकाना म्हणजे ताण्याच्या धाग्यांतील एक स्थान. ह्या कागदावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना छिद्रे पाडली जातात. जेथे छिद्र तेथे ताण्याचा धागा उचलला जातो, जेथे छिद्र नाही तेथे तो खाली राहतो. एका पट्टीमागून दुसरी पट्टी जात राहते आणि चादर विणली जाते.

पावलांच्या तक्त्याची रचना ह्याच धर्तीची आहे. ‘स्टेपमॅनिया’च्या लेखनात प्रत्येक ओळ हा काळाचा एक क्षण असतो आणि ओळीतील चार आकडे ही चार घरे असतात. शून्य म्हणजे बाण नाही, एक म्हणजे बाण आहे. चार ठोक्यांच्या एका खंडात चार ओळी असू शकतात, आठ, बारा, सोळा असू शकतात, आणि सूक्ष्मतेची कमाल म्हणून १९२ ओळींपर्यंत जाता येते. १९२ ह्या संख्येला तीनानेही भाग जातो व चौसष्टानेही. म्हणून तिस्र व चतुरस्र ह्या दोन्ही लयी तीत बसतात. वरवर पाहता चादरीचा नक्षीकार आणि तक्त्याचा रचनाकार एकाच कागदावर काम करीत आहेत, असे म्हणावयास हरकत नाही.

तथापि साम्य येथेच संपते. जॅकार्डच्या पट्टीचा वाचक यंत्र आहे. पट्टीत जे लिहिले तेच कापडात उतरते. नक्षीकाराने न लिहिलेले काहीही चादरीत येऊ शकत नाही. तक्त्याचा वाचक मनुष्यदेह आहे, आणि देहाला दोन पाय असतात. तक्ता सांगतो तो कोणत्या क्षणी कोणत्या घरावर पाऊल पडावे एवढेच. ते पाऊल डावे की उजवे, हे तक्त्यात कोठेही लिहिलेले नसते. लाबानच्या पद्धतीत प्रथम ठरते ते पायाचे नाव. ह्या तक्त्यात तेच गाळलेले आहे. ही उणीव नव्हे. हीच ह्या लेखनप्रकाराची मूळ शक्ती आहे.

३

चालताना मनुष्य एका पायानंतर दुसरा पाय टाकतो. हीच सवय खेळाडू फळीवर घेऊन येतो, आणि कुशल रचनाकार तिच्यावर विसंबून लिहितो. चार पावलांचा एक तुकडा घेतला तर चार घरांत त्याचे २५६ क्रम संभवतात. परंतु डाव्या पायाने आरंभ करावयाचा, पाय आळीपाळीने टाकावयाचे, डावा पाय उजव्या घरावर व उजवा पाय डाव्या घरावर जाऊ द्यावयाचा नाही, आणि लागोपाठची दोन पावले एकाच घरावर पडू द्यावयाची नाहीत, एवढे साधे नियम पाळले की त्या २५६ पैकी केवळ ४१ क्रम उरतात. हे ४१ क्रम म्हणजे ह्या भाषेचे साधे गद्य होय. उरलेल्या क्रमांत देहाला काही तरी वेगळे करावे लागते : वळावे लागते, एका पायाने दोनदा आघात करावा लागतो, अथवा एका घरावरच पाय बदलावा लागतो. रचनाकाराची अलंकारसंपदा ह्या उरलेल्या क्रमांत आहे.

एक साधे उदाहरण पाहावे. डावे, मागचे, उजवे, मागचे, डावे अशी पाच घरे क्रमाने आली, आणि आरंभ डाव्या पायाने झाला, तर तिसरे पाऊल पुन्हा डाव्या पायाचे असते. म्हणजे डावा पाय उजव्या घरापर्यंत नेणे भाग पडते. कंबर वळते, खांदे वळतात, आणि पाचव्या पावलावर सबंध देह पुन्हा समोर येतो. कागदावर पाहावे तर ह्या पाच ओळींत वळणाचे चिन्ह नाही. वळण जन्मास येते ते वाचकाच्या देहात. गाण्याची ओळ जेथे वळण घेऊन मुखड्याकडे परतते, नेमक्या त्या ठिकाणी हा क्रम आला तर खेळाडूला आपण गाणे ऐकत नसून गात आहोत, असा भास होतो. तोच क्रम गाण्यात काहीच घडत नसताना आला, तर ती निव्वळ कसरत ठरते. दोन्ही ठिकाणी काठिण्याचा अंक एकच. गुण मात्र एक नव्हे.

ह्याच्या उलट दोषाचेही स्वरूप येथेच स्पष्ट होते. डावे, पुढचे, उजवे असा क्रम आला असता पुढच्या घरावर उजवा पाय टाकलेल्या खेळाडूपुढे दोन वाटा उभ्या राहतात : डावा पाय उजव्या घरावर नेऊन वळावे, किंवा उजवाच पाय पुन्हा टाकावा. नंतरच्या घरांवरून ह्यांपैकी कोणती वाट अभिप्रेत आहे हे कळत असेल तर ती रचना चतुर म्हणावी. काहीच कळत नसेल तर रचनाकाराने पायाचा विचार केलाच नव्हता, त्याने बाण केवळ डोळ्यांनी मांडले, असे समजावे. पाऊल लिहावयाचे नाही, पण ते कळले मात्र पाहिजे, ही ह्या कलेची पहिली अट आहे.

४

मराठी समीक्षेला लयीचा विचार परका नाही. बा. सी. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) ह्या ग्रंथात कलाकृतीच्या घटनेची मीमांसा संवाद, विरोध आणि समतोल ह्या तीन लयतत्त्वांच्या आधारे केली. मर्ढेकरांपुढे साहित्य, चित्र व संगीत ह्या कला होत्या; पावलांच्या तक्त्यासारखा प्रकार त्यांच्या काळी अस्तित्वात नव्हता. तरीही ही तीन तत्त्वे येथे लावून पाहिली असता आश्चर्यकारक स्पष्टता येते. कारण तक्त्यात ती मोजता येण्याजोग्या स्वरूपात आढळतात.

एखादा तुकडा गाण्याच्या धृपदाबरोबर जसाच्या तसा परत आणणे, हा संवाद. तोच तुकडा दुसऱ्या वेळी आरशातल्याप्रमाणे उलटून, डाव्याच्या जागी उजवे व उजव्याच्या जागी डावे घालून आणणे, हा विरोध. आणि सबंध गाण्याच्या अखेरीस दोन्ही पायांवर पडलेला भार, दोन्ही बाजूंना झालेली वळणे ह्यांचा मेळ बसणे, हा समतोल. ज्या तक्त्यात वळणे एकाच बाजूची येतात, त्यात खेळाडूला थकवा येतो तो श्रमांचा नव्हे, तर असमतोलाचा. आणि ज्या तक्त्यात धृपद प्रत्येक वेळी निराळ्या घरांवर विखुरलेले असते, तेथे कानाला ओळखू येणारी गोष्ट पायाला ओळखू येत नाही.

आक्षेप असा येऊ शकेल की, कलेला स्वतःचे असे माध्यम असावे लागते. तक्त्याला ते कोठे आहे? ध्वनी गाण्याचा, चित्र पडद्याचे, देह खेळाडूचा. उत्तर असे की, तक्त्याचे माध्यम म्हणजे देहाच्या भाराचे एका पायावरून दुसऱ्या पायावर होणारे संक्रमण. ते ऐकू येत नाही व पडद्यावर दिसत नाही. ते केवळ खेळणाऱ्याला जाणवते. म्हणून तक्त्याची समीक्षा कागद पाहून पुरी होत नाही. ती पायाने वाचावी लागते.

ह्या दृष्टीने २००१ सालच्या ‘डीडीआरमॅक्स’ ह्या आवृत्तीतील ‘मॅक्स ३००’ ह्या प्रसिद्ध तक्त्याकडे पाहण्यासारखे आहे. मिनिटाला ३०० ठोके अशी त्याची गती. अर्ध्या ठोक्याची पावले सलग आली की सेकंदाला १० पावले पडतात. त्याची ख्याती काठिण्यामुळे झाली, आणि पुढील कित्येक रचनाकारांनी त्यापासून दाटीचा धडा घेतला. पण त्यातील खरा रचनात्मक क्षण दाटीचा नाही. चाललेले गाणे मध्येच थांबते, पावले थांबतात, आणि देह आपल्याच वेगाचा धक्का अनुभवीत उभा राहतो. विराम हा लेखनाचा भाग आहे, हे त्या एका थांब्याने जितके शिकविले, तितके शेकडो बाणांनी शिकविले नाही.

५

येथवर जे निकष मांडले, त्यांची कसोटी भारतीय लयव्यवस्थेवर पाहिली असता एक रूढ मत बदलावे लागते. खेळाडूंच्या परिभाषेत एकाच पायाने लागोपाठ दोन घरांवर पावले टाकावी लागणे हा दोष मानला जातो. आळीपाळीचा भंग म्हणजे रचनाकाराचे अज्ञान, अशी समजूत आहे. कथ्थकातील तत्कार मात्र ह्या समजुतीला छेद देतो. ‘ता थेई थेई तत्’ ह्या चार बोलांवर उजवा, डावा, उजवा, डावा असे पाय पडतात. त्यानंतरच्या ‘आ थेई थेई तत्’ ह्या चार बोलांवर डावा, उजवा, डावा, उजवा असे. म्हणजे चौथ्या व पाचव्या मात्रेवर डावाच पाय दोनदा पडतो, आठव्या व नवव्या मात्रेवर उजवाच दोनदा. सोळा मात्रांच्या त्रितालात विभाग पालटतो तो पाचव्या, नवव्या व तेराव्या मात्रेवर, आणि आवर्तन पुन्हा सुरू होते ते समेवर. ह्या चारही सांध्यांवर एक पाय दोनदा पडतो. आळीपाळीचा भंग येथे अज्ञान नसून विरामचिन्ह आहे.

ह्यावरून निष्कर्ष असा निघतो की, पायाची पुनरुक्ती स्वतः दोष नाही. गाण्यात सांधा नसताना ती आली तर दोष. तत्कार चार घरांच्या फळीवर उतरविणेही अवघड नाही. उजवे, डावे, उजवे, डावे आणि मग डावे, उजवे, डावे, उजवे अशी घरे लिहिली की सांध्यावर एकच घर दोनदा येते, आणि एकच घर लागोपाठ आले की पाय सहसा बदलत नाही. पायाचे नाव न लिहिता पाय कळविण्याचे हे उत्तम उदाहरण आहे.

सम संख्येच्या तालात आळीपाळीने पाय टाकीत गेल्यास समेवर प्रत्येक वेळी तोच पाय येतो. वैचित्र्यासाठी रचनाकाराला ती आळी कोठे तरी मोडावी लागते. विषम संख्येच्या तालात हे वैचित्र्य आपोआप येते. रूपकाच्या सात मात्रांवर सात पावले टाकली तर पहिले आवर्तन डाव्या पायाने सुरू होते, दुसरे उजव्याने, आणि तिसरे पुन्हा डाव्याने. वर वर्णिलेला आरशातला विरोध ताल स्वतःच घडवून आणतो. शिवाय रूपकात समेवरच खाली असते. दोन्ही पायांनी एकदम उडी घेऊन समेला जोर देण्याची जी सर्वत्र रूढ रीत, ती येथे लावली तर तालाचा स्वभावच बिघडेल. समेवर हलके एकेरी पाऊल ठेवून जोर चौथ्या मात्रेवरील टाळीला द्यावा, हेच योग्य.

अडचण आहे ती लेखनाच्या चौकटीची. ‘स्टेपमॅनिया’चे खंड चार ठोक्यांचे असतात. एक ठोका म्हणजे एक मात्रा धरल्यास रूपकाची चार आवर्तने झाल्यावर, म्हणजे २८ मात्रांनंतर, सम पुन्हा खंडाच्या आरंभी येते. झपतालाची दोन आवर्तने झाल्यावर, म्हणजे २० मात्रांनंतर. मधल्या काळात कागदावरची रेघ आणि तालाची सम ह्यांची फारकत असते. ज्याला रेघ पाहून लिहिण्याची सवय आहे, तो येथे हमखास फसतो. नाट्यसंगीत किंवा भावगीत ह्यांवर तक्ता रचू इच्छिणाऱ्याने रेघ विसरावी आणि सम पायाने दाखवावी.

६

ह्या साऱ्या विवेचनाचा सोलापूरशी संबंध काय, असा प्रश्न विचारला जाईल. संबंध लेझीमचा आहे. गणेशोत्सवाच्या आणि शिवजयंतीच्या मिरवणुकांत लेझीमची पथके ही ह्या शहराची ओळख आहे. लाकडी दांडा, त्याला जोडलेली लोखंडी साखळी आणि साखळीतील पत्र्याच्या चकत्या. एका हातात दांडा, दुसऱ्या हातात साखळीची मूठ. आणि हलगी किंवा ढोल-ताशाच्या ठेक्यावर चार-चार किंवा आठ-आठ आकड्यांत बांधलेले हातापायांचे प्रकार. पुढच्या प्रकाराकडे वळण्याची खूण म्हणून पथकप्रमुखाची शिट्टी होते आणि रांगच्या रांग पालटते. लयीवर पावले रचण्याची कला ती हीच; फरक एवढाच की तिचा तक्ता कागदावर नसतो.

दोन्ही प्रकारांची तुलना उद्बोधक आहे. डान्स पॅडवरील खेळाडूला येणारे बाण आधी दिसतात. तो भविष्य वाचून वर्तमानात पाऊल टाकतो. लेझीम खेळणाऱ्याला भविष्य स्मरणातून मिळते, आणि त्याचा क्षण शिट्टीने ठरतो. खेळाडूची चूक पडद्यावर शब्दाने जाहीर होते. लेझीममधील चूक शेजाऱ्याच्या कानावर पडते, कारण तेथे ध्वनी खेळणाऱ्याच्याच हातातून निघतो. डान्स पॅडवर गाणे आधीच पुरे झालेले असते, त्यात खेळाडूच्या पावलाने भर पडत नाही. लेझीममध्ये पाऊल आणि झंकार मिळूनच संगीत पुरे होते. ह्या बाबतीत जुना प्रकार नव्याहून अधिक समृद्ध आहे, हे मान्य केले पाहिजे.

परंतु नव्या प्रकाराजवळ एक गोष्ट आहे, जी जुन्याजवळ नाही : लेखन. तक्ता लिहिलेला असल्यामुळे त्याला रचनाकाराचे नाव असते, दोन रचनांची तुलना करता येते, एकीत दोष दाखविता येतो, आणि तो दोष टाळून दुसरी रचता येते. लेझीमचे प्रकार एका शिकविणाऱ्याकडून दुसऱ्याकडे जातात. शिकविणारा थांबला की त्याची विशिष्ट जुळणी पथकाच्या आठवणीत काही वर्षे राहते आणि मग विरते. ती कोणाची होती आणि शेजारच्या पथकाहून ती कोठे सरस होती, हे सांगावयास मागे काही उरत नाही. लेखनाच्या अभावी ह्या कलेला समीक्षा मिळाली नाही, आणि समीक्षेच्या अभावी तिच्यातील उत्तम व सामान्य ह्यांचा भेद मिरवणुकीच्या गलबल्यात विरून गेला.

७

लेझीम लिहावयाची झाली तर ती कशी लिहावी, ह्याचे उत्तर डान्स पॅडचा तक्ता जसाच्या तसा उचलून मिळणार नाही. डान्स पॅडवर जमिनीला घरे आहेत, म्हणून तेथे जागा लिहिली की पाय कळतो. लेझीमच्या रस्त्याला घरे नसतात. रांग सरकत असते, वर्तुळ फिरत असते. तेथे प्रत्येक आकड्यावर कोणता पाय आणि लेझीम उघडी की मिटलेली, एवढे लिहावे. जागा न लिहिता रांगेच्या आकृतीवर सोपवावी. एक प्रकार जागा लिहितो व पाय गाळतो, दुसऱ्याने पाय लिहावा व जागा गाळावी. दोहोंतील तत्त्व मात्र एकच : जे गाळले ते वाचकाच्या देहाला अचूक उमगले पाहिजे. लाबानप्रमाणे सर्वच लिहावयाचे ठरविल्यास लेखन परिपूर्ण होईल, पण आठ दिवसांवर मिरवणूक असलेल्या पथकाला ते वाचता येणार नाही.

तक्ता पॅडवरचा असो की रस्त्यावरचा, त्याचे परीक्षण करताना तीन प्रश्न विचारावेत. न लिहिलेले त्यातून निःसंशय कळते काय? देहाला जे वेगळे करावे लागते, ते संगीताच्या सांध्यावर करावे लागते काय? आणि अखेरीस दोन्ही अंगांचा समतोल साधतो काय? ह्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील तर काठिण्याचा अंक २ असला तरी रचना उत्तम होय. ती नकारार्थी असतील तर अंक २० असूनही ती केवळ दाटी होय. विद्यापीठीय अभ्यासकांनी ह्या तीन प्रश्नांसह लेझीमच्या एखाद्या पथकाच्या सरावास जाऊन प्रत्येक आकड्याचा पाय टिपण्यास आरंभ केला, तर काही वर्षांत सोलापूरच्या पदविन्यासाचा एक लिखित संग्रह तयार होईल, आणि पथकापथकांतील भेदाविषयी केवळ आठवणीच्या भरवशावर बोलण्याची गरज उरणार नाही.